सेटिंग जुन्या पाइपची

मला ऐकू कमी येतं असं आमच्या घरात सगळ्यांचं मत होतं. सगळ्यांचं म्हणजे बायको सरोज आणि मुलगी मेघना, दोघींचं. माझं मत वेगळं होतं. माझं म्हणणं असं की गेल्या चार-पाच वर्षांत लोकच तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत. टीव्हीवरचे, बँकेतले, भाजीवाले, सगळे साले एकजात. चौतीस वर्षं खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होतो मी. चालू इंजिनाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला टेकवायची, आणि सहातला कुठला सिलिंडर कुरकुरतोय ते सांगायचं, हे माझं काम. दुसऱ्या डेपोतून बोलावणं यायचं मला. अशा माणसाला ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ म्हणायचं म्हणजे काय? आता, ज्या कानांनी एवढी वर्षं इंजिनं ऐकली त्याच कानांची त्या इंजिनांनी वाट लावली, हे मला कुणी सांगायला नको होतं. मला ते ठाऊक होतं. मान्य नव्हतं, एवढंच.

रिटायर झालो तेव्हा साडेतीनशे सीसीची एक मोटरसायकल घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या, आता एक स्वतःची. दर रविवारी सकाळी मी कल्याणकडच्या आमच्या मानपाड्याहून निघतो, शीळ फाट्यावरून मुंब्रा बायपास धरून ठाण्याला जातो आणि खोपट डेपोच्या समोरच्या टपरीवर आम्ही रिटायर लोक जमतो. धोंडीबा येतो, बाकीचे येतात, दोन-दोन चहा होतात, एकमेकांच्या तब्येतीची चेष्टा होते. बस्स. आठवड्यात माझं म्हणून जे काही असतं ते एवढंच. गाडीची चावी घरात बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खिळ्याला असायची आणि रविवारी सकाळी मी ती काढायचो तेव्हा सरोज म्हणायची की आज हिरो निघाले.

मार्चमधल्या एका रविवारी मेघनाला ठाण्यात काम होतं म्हणून ती मागे बसली. येताना बायपासवरून शीळ फाट्यापर्यंत मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आणली. अख्खी. मला वाटत होतं चौथा पडलाय. मेघना मागून ओरडत होती, मी मान डोलावत होतो. मला वाटलं ती मेट्रोच्या खांबांबद्दल काहीतरी बोलतेय. शिवाय एक टेम्पो म्हणे अर्धा किलोमीटर हॉर्न वाजवत मागे होता. घरी आल्यावर इंजिनावर पोळी भाजून निघाली असती, इतकं तापलं होतं.

त्या दिवशी मेघनाने खिळ्यावरची चावी काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली. ती एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे शिक्षा कशी करायची ते तिला बरोबर माहीत आहे. माझ्या अगदी तोंडासमोर येऊन, हात कमरेवर ठेवून ती म्हणाली, “पप्पा, ज्या दिवशी तुम्हाला गाडीचं इंजिन ऐकू येईल ना, त्या दिवशी चावी मागा.”

आता यात खरंतर गुंतागुंत काही नव्हती. तिच्या मनात काय होतं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मी मेकॅनिक आहे. माझ्यासमोर प्रॉब्लेम ठेवला की मी पहिल्यांदा गाडीकडे बघतो, माणसाकडे नाही. इंजिन ऐकू येत नाही ना? मग इंजिनाचा आवाज वाढवू. हल्लीच्या गाड्या असतातच मुक्या. त्यात कान झिजले म्हणून माझ्याच डोक्यावर का खापर? इंजिन धडधडतंय एवढं मला कळायचं, पण ‘आता पुढचा गिअर टाक’ असं जे ते बारीक सुरात सांगतं ना, ते हरवलेलं. तो सूर परत आणायचा तर पाइप मोकळा करायला हवा.

सोमवारी मेघना शाळेत गेली तशी मी दुसरी चावी काढली. दुसरी चावी असते हे गणितवाल्यांच्या लक्षात येत नाही. मानपाड्याच्या एमआयडीसीत विनीत म्हणून एक पोरगा स्टीलचे पाइप वाकवतो, चांगला कारागीर आहे. त्याच्याकडून इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत नवाकोरा पाइप बनवून घेतला. कंपनीचा सायलेन्सर काढला तर त्यातून एक वायरवाला बारका सेन्सर निघाला. विनीतने विचारलं याला भोक ठेवू का. मी म्हटलं, अरे ही शोभेची वस्तू आहे, आमच्या लेलँडला असलं काही नव्हतं, तरी लाख-लाख किलोमीटर पळाल्या. सेन्सर मी वायरसकट फ्रेमला बांधून टाकला आणि बटण दाबलं.

काय सांगू. पहिल्या धडाक्यालाच माझ्या अंगावर काटा आला. इंजिन बोललं माझ्याशी. चार वर्षांनी. रेस केलं तर चढताना कळलं, सोडलं तर उतरताना कळलं. विनीतने कानांवर हात ठेवले होते आणि मी तिथे उभा राहून डोळे पुसत होतो. खोटं कशाला सांगू, रडलो मी.

सुख दोन दिवस टिकलं. गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. रेस सोडली की मागून फटाके फुटायचे, फाट-फाट. मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला तो जाईना. मी प्लग साफ केला, फिल्टर झटकला, काही फरक नाही. बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या तुळसाताईंचं नातवंड माझी गाडी आली की दचकून उठायचं आणि तासभर भोकाड पसरायचं, ते म्हणे मलाही ऐकू जायला हवं होतं. सोसायटीने नोटीस लावली. नोटिशीत माझं नाव नव्हतं, पण ‘एक ज्येष्ठ सभासद’ असं लिहिलेलं, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये बाइक चालवणारा ज्येष्ठ एकच.

मेघनाने दुसरी चावीही घेतली. मग माझ्याशी तह केला. ठाण्यात खोपटलाच कमलेश म्हणून एक जण आहे, तो नव्या गाड्यांचे कॉम्प्युटर लॅपटॉप लावून तपासतो. शनिवारी त्याच्याकडे जायचं. गाडी कायद्यात बसेल आणि मलाही ऐकू येईल असं काही त्याला जमलं तर गाडी माझी. नाही जमलं तर ती कल्याणच्या माझ्या पुतण्याला, रत्नदीपला द्यायची. रत्नदीप चांगला मुलगा आहे, पण त्याने आधीच मॅचिंग हेल्मेट घेऊन ठेवलंय हे कळल्यावर माझं डोकं सटकलं. जिवंतपणी वाटणी करतायत माझी.

जाताना मेघनाने परत तोच विषय काढला. म्हणजे कानाच्या मशीनचा. घेतलंय ना तुम्ही, मग घालत का नाही? मी म्हटलं, भंगार आहे ते, दीड दिवस घातलं आणि डोकं उठलं. यात अर्धं खरं होतं. दीड दिवस घातलेलं हे खरं. पंखा सुरू केला की आशियाड बस अंगावर आल्यासारखं वाटायचं, फ्रिज घरघरायचा, आणि पोरीचं बोलणं मात्र होतं तसंच लांब. पण मशीन मी घेतलेलं नव्हतं. ते धोंडीबाचं जुनं मशीन होतं. धोंडीबाला मुलाने नवं आणलं, तेव्हा त्याने टपरीवर खिशातून जुनं काढून माझ्या हातात ठेवलेलं, घे, चालू कंडिशन आहे म्हणून. आम्ही डेपोवाले. उभ्या असलेल्या गाडीचा चांगला पार्ट काढायचा आणि धावणाऱ्या गाडीला लावायचा, आयुष्यभर हेच केलं. घरी कसं सांगणार की दुसऱ्याच्या कानातलं आणलंय? सरोजने ते डेटॉलमध्ये बुडवलं असतं. म्हणून मी सांगितलेलं की ठाण्यातून घेतलं.

असो. शनिवारी मुलगी पुढे, बाप मागे, अशी आमची वरात निघाली. कळव्याला लांबून ट्रॅफिक हवालदार दिसला तशी मेघनाने गाडी बंद केली आणि खाली उतरून ढकलायला लागली. मी मागून जोर लावला. बंद पडलेल्या बस ढकललेला माणूस मी, मला त्याचं काही वाटत नाही. हवालदाराने आमच्याकडे बघून, बिचारे, अशी मान हलवली.

कमलेश तिशीचा, शांत, आणि बोलतो इतकं हळू की मला त्याचे नुसते ओठ हललेले दिसले. त्याने सीटखालच्या एका खोबणीत वायर लावली, लॅपटॉप उघडला, फ्रेमला बांधलेला सेन्सर बघितला आणि माझ्याकडे असं पाहिलं जसं मी डेपोत शिकाऊ पोरांकडे पाहायचो. मग तो मेघनाशी बोलायला लागला. मी म्हटलं, बाबा, गाडी माझी आहे, माझ्याशी बोल. तेव्हा त्याने खडू उचलला आणि गॅरेजच्या काळ्या फरशीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

पाइप नवा. सेटिंग जुन्या पाइपची.

मला माणूस आवडला. आमच्या डेपोतही फळ्यावर असंच लिहायचे, गाडी नंबर आणि खाली बिघाड, एका ओळीत.

मी वाद घातला. पाइप बदलला की दर वेळी कॉम्प्युटर बदलायचा का, हा धंद्याचा नवा प्रकार दिसतोय, असं म्हटलं. पण पोरगा प्रामाणिक निघाला. नाही म्हणाला, दर वेळी नाही. थोडं खडूने, थोडं मेघनाच्या तोंडून त्याने समजावलं ते असं. पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, आणि ती माझी शोभेची वस्तू आहे ना, ती पाइपमधला धूर हुंगून त्याला सांगते की कमी पडलं का जास्त झालं. नुसता मागचा डबा बदलला, पुढचा पाइप, त्यातली धूर साफ करणारी जाळी आणि सेन्सर जागच्या जागी राहिले, तर कॉम्प्युटर थोडंफार आपलं आपण सांभाळून घेतो. बहुतेकदा काही करावं लागत नाही. पण काकांनी इंजिनापासूनच सगळं उपटलं. जाळी गेली, हुंगणारा बाहेर लटकतोय. आता वारं मोकळं वाहतंय आणि कॉम्प्युटर बिचारा अजून जुन्याच पाइपच्या अंदाजाने पेट्रोल सोडतोय. म्हणून फटाके, म्हणून बंद पडणं.

मग सेटिंग बदल, मी म्हटलं. त्यावर तो नाही म्हणाला. सेन्सर पाइपात बसवून नवी सेटिंग टाकता येते, पण असा पाइप रस्त्यावर चालतच नाही. धूरही बेकायदा, आवाजही बेकायदा. रेस ट्रॅकवर नेणार असाल तर आणा, इतर कुणासाठी मी करत नाही. आता मानपाड्यात मी रेस ट्रॅक कुठून आणू? त्याने सांगितलं, कंपनीचा सायलेन्सर परत लावा, सेन्सर जागेवर बसवा, गाडीला दुसरं काहीही लागत नाही. गाडीत दोष नव्हताच, काका.

म्हणजे संपलं. मी तिथल्या स्टुलावर बसलो. जुना सायलेन्सर लावला की गाडी ठणठणीत, आणि मी परत ठार बहिरा. मला रत्नदीपचं हेल्मेट दिसायला लागलं. रविवारी सकाळी उठून करायचं काय, हा विचार आला. माझा चेहरा बघून कमलेशला दया आली असणार. तो खाली बसला आणि पहिल्या ओळीखाली लिहिलं: कानाला मशीन?

मी हात झटकला. वापरून बघितलं, म्हटलं, काही उपयोग नाही. धोंडीबाला त्यात सगळं स्पष्ट ऐकू यायचं, पण मला…

आणि माझी नजर वरच्या ओळीवर गेली. पाइप नवा. सेटिंग जुन्या पाइपची.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग तिसऱ्यांदा. कपाळावर हात मारला तो इतक्या जोरात की कमलेश उठून उभा राहिला. चौतीस वर्षांचा मेकॅनिक मी, पार्टवरचा नंबर बघितल्याशिवाय नट आवळला नाही कधी, आणि धोंडीबाच्या कानाचं मशीन माझ्या कानात ठोकून दिलं आणि म्हणालो मशीन भंगार. गाढव आहे मी, मी मोठ्याने म्हणालो.

“धोंडीबाकाकांचा काय संबंध?” मेघनाने विचारलं. ओरडूनच विचारलं, त्यामुळे मला ऐकू आलं आणि शेजारच्या दुकानदारालाही.

सांगावं लागलं सगळं. आधी ती भयंकर चिडली. चार वर्षं आम्ही घसे फोडतोय आणि तुम्ही दुसऱ्याचं मशीन डब्यात ठेवून आम्हाला गंडवताय, असं बरंच काही. मग कमलेशला हसू फुटलं, मग तिला, आणि ती तिथेच फरशीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला राग यायला हवा होता. नाही आला.

मंगळवारी नौपाड्यात कान तपासणाऱ्या मुलीकडे गेलो. प्रियांका नाव तिचं. तिने मला काचेच्या खोलीत बसवून कानावर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाली. मी थोडा वेळ इमानदारीने दाबलं, मग अंदाजाने दाबायला लागलो, तर तिने लगेच पकडलं. नंतर लॅपटॉपवर रेघ दाखवली, वर सुरू होऊन घसरत खाली गेलेली. जाड आवाज बऱ्यापैकी शाबूत, बारीक गेलेले. इंजिनांजवळ काम करणाऱ्यांचं असंच होतं म्हणाली. धोंडीबाचं मशीन मी सोबत नेलेलं. तिने ते वायरीने लॅपटॉपला जोडलं आणि विचारलं, “काका, जगन कोण?”

जगन आमच्या डेपोचा स्टोअरकीपर. रिटायर होऊन दहा वर्षं झाली असतील. मशीनमध्ये अजून त्याचंच नाव होतं आणि सेटिंगही त्याच्याच कानाची. त्याला जाड आवाज कमी यायचे, म्हणून ते पंखा आणि फ्रिज वाढवून देत होतं. म्हणजे जगनने धोंडीबाला दिलं, धोंडीबाने मला. स्टोअरमधला माणूस, पार्ट पुढे पाठवत गेला. आणि धोंडीबा ते घालून तीन वर्षं माझ्याशी गप्पा मारत होता, म्हणजे त्याला काय ऐकू येत होतं आणि तो कशाला हसत होता, देव जाणे. त्याला नवं मशीन खरंच त्याच्या कानाच्या मापाचं मिळालंय का, हे आता मला विचारायचंय.

माझं मशीन तयार व्हायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी कंपनीचा सायलेन्सर स्वतःच्या हाताने परत चढवला, सेन्सर जागेवर बसवला, त्याची माफी मागितली. मेघनाने थोडं चालवल्यावर पिवळा दिवा आपसूक गेला. मशीन कानात बसवल्यावर हेल्मेट घातलं की ते शिट्टी मारायचं. प्रियांकाने मला हेल्मेट घेऊन बोलावलं आणि हेल्मेट डोक्यावर असताना सेटिंग बदलली. तिच्याकडे आलेल्या एका आजी, हेल्मेट घालून खुर्चीत बसलेल्या माझ्याकडे बघून दारातूनच परत फिरायला निघाल्या होत्या.

रविवारी सकाळी बिल्डिंगच्या खाली परीक्षा झाली. गणिताची बाई ती, परीक्षा घेतल्याशिवाय सोडते थोडीच. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. गाडी स्टँडवर, मेघना रेस देणार, आणि जिथे गिअर बदलावासा वाटेल तिथे मी हात वर करायचा. सरोज गॅलरीत उभी राहून बघत होती, तुळसाताई नातवंडाला घेऊन वरून बघत होत्या. इंजिन सुरू झालं. आवाज मोठा नव्हता, पण होता. धडधडीच्या आत तो बारीक सूर होता, चढत गेला, चढत गेला, आणि आता टाक म्हणाला. मी हात वर केला. पुन्हा. पुन्हा. तिन्ही वेळा बरोबर.

मग इंजिन बंद झालं. मी चौथ्या वेळेची वाट बघत भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पोपडे मोजत होतो.

“पप्पा, चावी गाडीलाच आहे. सावकाश जा.”

ओरडून नव्हे. साध्या आवाजात, माझ्या पाठीमागून, आपण घरात पाणी मागतो तसं. तो आवाज मी विसरलो होतो हो. चार वर्षं मला वाटत होतं की पोरगी चिडकी झालीय, सरोजही वय झालं म्हणून खेकसते. मी मनातल्या मनात दोघींवर रुसून बसलेलो. त्या चिडलेल्या नव्हत्याच. मला ऐकू जावं म्हणून बिचाऱ्या रोज, प्रत्येक वाक्य, घसा ताणून बोलत होत्या. आणि हा मेघनाचा आवाज, हा मऊ आवाज, तो तिचा खरा होता, तसाच होता, लहानपणी शाळेत जायची तेव्हा होता तसा.

मी वळलो. ती हेल्मेट पुढे करून उभी होती.

“काय म्हणालीस?” मी विचारलं.

तिचा चेहरा पडला. ती सरोजकडे बघायला लागली, माझ्या कानाकडे बघायला लागली.

“अगं, आलं ऐकू,” मी म्हटलं. “परत एकदा म्हण. तसंच, हळू.”

तिने परत म्हटलं, आणि मग मी निघालो.